घोड्याची खाज : आधी पंखा, मग मलम

पावसाळी हवेत माथेरान-महाबळेश्वरकडच्या घोडेवाल्यांना ही डोकेदुखी ओळखीची: घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासून सोलून काढतो. बरेचदा कारण असतं चिलटं. जेमतेम एक ते तीन मिलिमीटरचा हा कीटक ओल्या चिखलात वाढतो, आणि काही घोड्यांना त्याच्या लाळेची ॲलर्जी असते. ती एकदा जडली की दर मोसमात उलटते. म्हणून ‘कायमचा इलाज’ सांगत कुणी महागडी बाटली पुढे केली, तर पाकीट खिशातच राहू द्या.

पहिला खर्च पंख्याचा. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही. पेडेस्टल फॅन साधारण 2,000 ते 4,000 रुपयांना मिळतो. पहाट आणि तिन्हीसांज ही त्यांची ऐन वेळ. दोन्ही मिळून रोज सहा तास 75 वॅटचा पंखा चालवला, तर महिन्याला साडेतेरा युनिट, म्हणजे बिलात शे-सव्वाशेची भर. वायर मात्र घोड्याच्या दातांपासून लांब हवी. लीद रोज उचलणं आणि तबेल्याभोवतीचा चिखल काढणं फुकटातलं काम, पण तेवढंच मोलाचं.

झूल शिवताना मच्छरदाणीचं कापड घेऊ नका; चिलट त्या भोकांतून सहज शिरतं. पातळ सुती कापडाची झूल शिलाईसकट हजार-बाराशेत व्हावी. दोन शिवा, कारण भिजलेली अंगावर ठेवून चालत नाही.

औषधात काटकसर अंगाशी येते. गुरांच्या गोचिडांसाठीचं अमिट्राझ घोड्याला अजिबात लावू नका. आतडी मंदावून पोटशूळ उठतो, आणि त्याच्या उपचारापुढे वरचे सगळे खर्च किरकोळ. सेटिरिझिनची गोळी माणसाला दोनेक रुपयांत पडते, पण घोड्याला वजनाच्या हिशेबानं एका वेळी अनेक लागतात, आणि गुण येईलच असं नाही. स्टेरॉइडनं खाज झटकन थांबते, पण खुरांना सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होण्याचा धोका असतो. ही दोन्ही औषधं डॉक्टरांना विचारूनच द्या. खासगी डॉक्टरांची फेरी अंदाजे 500 ते 1,500 रुपये. सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र.

खाजेसोबत ताप, अशक्तपणा किंवा पोटाखाली सूज दिसली, तर चिलटांवर खापर फोडत बसू नका. चावऱ्या माशांमुळे पसरणारा सर्रा असू शकतो. त्याच दिवशी 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा आणि रक्त तपासून घ्या.