कुलपाच्या पोटात

विद्यार्थ्यांनो, 'कुलूप' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतला 'कुफ्ल' तो हाच! पण कुलपाच्या पोटात काय असते?

नेहमीच्या दातेरी किल्लीच्या कुलपात लहान लहान पिना ओळीने उभ्या असतात. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे असतात. योग्य किल्ली सर्व पिना नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच ती फिरते. हेच काम तारेने, एकेक पिन चाचपत करण्याचा छंद काही लोकांना असतो.

लंडनमध्ये ब्रामा यांच्या दुकानात एक वेगळ्या रचनेचे कुलूप ठेवले होते. किल्लीशिवाय उघडणाऱ्यास २०० गिनी बक्षीस! सुमारे साठ वर्षे ते कोणालाच उघडता आले नाही. १८५१ साली अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ५१ तास खपून ते उघडले. लोक म्हणाले, ही विद्या चोरांच्या हाती पडेल. हॉब्जचे म्हणणे असे, की चोरांना ती आधीच येते. फसतो तो कुलूप विकत घेणारा.

तुम्हांलाही शिकायचे आहे? घरच्यांना विचारून आपलेच एखादे जुने कुलूप घ्या. दाराला लावलेले नको, ते बिघडेल. दुसऱ्याच्या कुलपाला तर परवानगीवाचून हातही लावू नका. आधी किल्लीवरच्या खाचा मोजा. जितक्या खाचा, तितक्या पिना.