तंबोऱ्याचा सूर

गाण्याच्या मैफलीत श्रोत्यांची दृष्टी गवयावर खिळलेली असते. त्याच्यामागे बसून तंबोरा छेडणाऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु तंबोऱ्याचा सूर ढळला, तर गवयाचे गाणेही बेसूर होते. नाटकातील दुय्यम भूमिकांचेही असेच आहे. नायक-नायिकांच्या सुखदुःखाला खरेपणा येतो, तो त्यांच्या भोवतीच्या आई, आजी, सासू यांच्यामुळे. अशा भूमिकांना मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या अभिनेत्रींत सुरेखा सिक्री यांचे नाव अग्रगण्य आहे.

सुरेखाबाईंचा जन्म १९४५ साली झाला. त्यांचे बालपण अल्मोडा व नैनिताल या डोंगराळ भागात गेले. अलीगढ येथे शिक्षण घेतल्यावर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या. १९७१ साली तेथील शिक्षण पुरे करून त्यांनी त्याच संस्थेच्या रंगमंडळात दहा वर्षांहून अधिक काळ काम केले. स्पष्ट उच्चार, आवाजावरील हुकमत आणि सहकलाकाराचे बोलणे मन लावून ऐकण्याची सवय ही त्यांची शिदोरी याच काळातली. १९८९ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९८८ साली दूरदर्शनवर ‘तमस’ ही मालिका दाखविण्यात आली. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून ती गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केली होती. फाळणीच्या वेळच्या दंगलीत एक वृद्ध शीख जोडपे जीव मुठीत धरून पळत असते. घरचे पुरुष लुटीला गेलेले असतानाही राजो ही मुसलमान गृहिणी त्यांना आसरा देते. ही राजो सुरेखाबाईंनी साकारली. भूमिका लहान, पण भय आणि माणुसकी यांचा झगडा त्यांनी केवळ मुद्रेवरून दाखविला. या भूमिकेबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे ‘मम्मो’ व ‘बधाई हो’ या चित्रपटांसाठी तोच बहुमान त्यांनी आणखी दोनदा मिळविला.

घरोघरी मात्र त्या ओळखल्या गेल्या, त्या ‘बालिका वधू’ मालिकेतील दादीसा म्हणून. ही मालिका २००८ ते २०१६ अशी आठ वर्षे चालली. राजस्थानातील कल्याणीदेवी ही करड्या शिस्तीची आजी. रूढीच्या नावाखाली ती आनंदी या चिमुकल्या नातसुनेला जाच करते. पण ती स्वतःही एके काळी बालवधूच होती! तिच्या कठोरपणाखाली दडलेले हे जुने दुःख सुरेखाबाईंनी कधी नजरेआड होऊ दिले नाही. म्हणूनच पुढे नातवाने आनंदीला अंतर दिले, तेव्हा दादीसा नातवाकडे पाठ फिरवून नातसुनेच्या पाठीशी उभी राहिली, हे प्रेक्षकांना मनोमन पटले.

२०१८ साली महाबळेश्वर येथे चित्रीकरण चालू असताना सुरेखाबाईंना अर्धांगाचा झटका आला. पुढल्या वर्षी त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून राष्ट्रीय पुरस्कार स्वीकारला, तेव्हा सारे सभागृह उठून उभे राहिले. २०२० साली साथीच्या रोगामुळे पासष्ट वर्षांवरील कलाकारांना चित्रीकरणास मनाई झाली. त्या वेळी, आपल्याला कोणाचे दान नको, मानाने काम करू द्यावे, असे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. १६ जुलै २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपल्या वाट्याला आलेले काम मोठे की लहान, हे दर वेळी आपल्या हाती नसते. ते कसे करावे, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती असते.

स्वाध्याय
१. लेखकाने दुय्यम भूमिकेला तंबोऱ्याची उपमा का दिली आहे?
२. दादीसाच्या स्वभावात कोणता बदल झाला? तो प्रेक्षकांना का पटला?
३. ‘दान नको, काम हवे’ या वृत्तीविषयी तुमचे विचार आठ-दहा ओळींत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : जीव मुठीत धरणे, पाठ फिरविणे, अंतर देणे.