एकटा कलावंत आणि प्रेक्षक

रंगभूमीवर देखावा नाही, वाद्यांचा गजर नाही, सोबतीला दुसरा नट नाही. एक मनुष्य पुढे येतो, समोरच्या शेकडो लोकांकडे पाहतो आणि बोलू लागतो. थोड्याच वेळात सारे सभागृह हास्याने दुमदुमून जाते. या कलेला आज ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात. नाव नवे असले, तरी एकट्याने लोकांना हसविण्याची कला जुनी आहे. गावोगाव फिरणाऱ्या बहुरूप्याला ती चांगली अवगत होती.

नाटकातील नट बहुधा परस्परांशी बोलतात व प्रेक्षक ते ऐकतात. एकट्या विनोदी कलावंताचे संभाषण मात्र थेट प्रेक्षकांशीच चालते. तो वाक्य बोलतो आणि प्रेक्षक हास्याने त्याला उत्तर देतात. हास्य भरात असताना तो पुढे बोलू लागला, तर त्याचे शब्द त्यात बुडून जातात. ते पुरते विरेपर्यंत थांबला, तर रंग ओसरतो. म्हणून केव्हा बोलावे, याइतकेच केव्हा थांबावे, हेही त्याला कळावे लागते. प्रेक्षक कंटाळले, तर सावरून घ्यायला जवळ दुसरा कोणी नसतो.

प्रेक्षकांचे हास्य नेहमी सारखेच नसते. पाच वर्षांच्या एका मुलाने १८९४ साली त्याची निरनिराळी रूपे एकाच रात्री पाहिली. तो मुलगा म्हणजे पुढे विश्वविख्यात झालेला विनोदी नट चार्ली चॅप्लिन. त्याची आई हॅना ही गायिका होती. इंग्लंडमधील ऑल्डरशॉट या लष्करी ठाण्याच्या गावी ती गात होती. प्रेक्षकांत बहुतेक सैनिक होते. गाता गाता तिचा आवाज एकाएकी बसला. प्रेक्षक हसू लागले, ओरडू लागले. बिचारी आई रंगमंच सोडून आत आली.

तेव्हा व्यवस्थापकाने लहानग्या चार्लीला हाताला धरून पुढे आणले. चार्ली गाऊ लागला. गाणे अर्धे होते न होते, तोच रंगमंचावर नाण्यांचा पाऊस पडला. चार्ली लगेच थांबला आणि आधी पैसे गोळा करीन, मग गाईन, असे त्याने सर्वांना सांगून टाकले! सभागृहात हशा पिकला. व्यवस्थापक रुमाल घेऊन नाणी वेचू लागताच, हा ती स्वतःच ठेवून घेणार, अशी चार्लीला शंका आली. तो चिंतातुर चेहऱ्याने त्याच्या मागे मागे गेला आणि पैसे आईच्या हाती पडल्यावरच परतला. प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळली.

यात चार्लीने विनोद करण्याचा मुळीच प्रयत्न केला नव्हता. जे मनात आले, तेच तो बोलला. काही क्षणांपूर्वी त्याच्या आईची टर उडविणारी माणसे त्या निरागसपणामुळे आपलीशी झाली. मग चार्लीने नाच केला, नकला केल्या आणि बालसुलभ अजाणतेपणाने आईच्या फुटलेल्या आवाजाचीही नक्कल केली. प्रेक्षक पुन्हा हसले. मुलाच्या मनात दुष्टावा नव्हता. तरी ते हास्य ऐकताना त्या माउलीला काय वाटले असेल? १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात चॅप्लिनने ही हकीकत सांगितली आहे. ती रात्र त्याच्या रंगभूमीवरील पदार्पणाची आणि आईच्या अखेरच्या दर्शनाची ठरली. पुढे चॅप्लिनने चित्रपटांत एका भणंग माणसाची भूमिका अजरामर केली. प्रेक्षक त्याच्या फजितीला हसत आणि त्याच्यावर प्रेमही करीत.

मराठी रंगभूमीवरही ही कला बहरली. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने सादर केली, तेव्हा प्रेक्षकांना तिच्यात आपले शेजारी आणि आपण स्वतःही दिसलो. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात बावन्न पात्रे एकट्याने उभी केली. खेड्यातील भोळ्या माणसांची त्रेधा पाहून लोक पोट धरून हसत. पण त्या माणसांविषयी कोणाच्या मनात तिरस्कार येत नसे.

हास्य हे दुधारी शस्त्र आहे. ते एखाद्याला एकटे पाडू शकते आणि हजार अनोळखी माणसांना क्षणभर एका कुटुंबात आणू शकते. त्याचा उपयोग कसा करावा, हे कलावंताच्या हाती असते. आणि कोणत्या गोष्टीला हसावे, हे आपल्या हाती असते.

शब्दार्थ
अवगत असणे – माहीत असणे, येत असणे.
भणंग – अत्यंत दरिद्री, घरदार नसलेला.
त्रेधा – धांदल, तारांबळ.
टर उडविणे – थट्टा करणे.

स्वाध्याय
१. नाटकातील नट आणि एकटा विनोदी कलावंत यांच्यात कोणता फरक आहे?
२. चार्लीने गाणे मध्येच का थांबविले?
३. आईला हसणारे प्रेक्षक आणि नाण्यांच्या प्रसंगी हसणारे प्रेक्षक यांच्या हास्यातील फरक आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘हास्य हे दुधारी शस्त्र आहे’ हे विधान एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.