मिरजेचा तंबोरा : वारसा हाताचा आणि कानाचा

भारतीय संगीताच्या मैफलीत गायकाच्या पाठीशी अखंड स्वर धरणाऱ्या तंबोऱ्याला मानाचे स्थान आहे. या वाद्याच्या निर्मितीत सांगली जिल्ह्यातील मिरज शहराने देशभर नाव मिळविले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी येथे तंतुवाद्यांच्या निर्मितीचा पाया घातला, असे मानले जाते. शस्त्रांना धार लावणारे हे कारागीर. शस्त्रांची मागणी घटल्यावर तेच कसब वाद्यांकडे वळले. पुढे त्यांच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. जाड सालीचा मोठा कडू भोपळा मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर, मंगळवेढा परिसरातून येतो. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतून साफ करतात व त्याला हवा तो आकार देतात. त्यावर लाकडी तबली बसते. दांडी जोडणे, नक्षीकाम, रंग व पॉलिश ही कामे त्यानंतरची.

नवशिक्यास यांतील बरीच कामे पाहून व करून साधतात. खरी कसोटी लागते ती जवारी काढताना. घोडीचा पृष्ठभाग वरवर सपाट दिसत असला, तरी त्यास अत्यंत सूक्ष्म उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारास हलकेच स्पर्शत राहते व स्वरातील उपस्वर उमलतात. तारेखाली सरकविलेला सुताचा धागा हा नाद नेमका करतो. कानस किंचित अधिक चालली, तर नाद बोथट होतो आणि झिजलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच कानस थोडी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे व पुन्हा कानस घ्यायची, असा हा अभ्यास चालतो. तो गुरूजवळ बसूनच करावा लागतो.

सन 2024 मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. त्यामुळे नावास कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु नाव राखणे वेगळे आणि विद्या राखणे वेगळे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने व पुढे भ्रमणध्वनीने अनेकांची सुराची गरज परस्पर भागविली आहे. शिकण्यास लागणारी वर्षे व त्या काळातील अल्प मिळकत यांमुळे तरुणांना इतर व्यवसाय जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. शिकाऊ कारागिराच्या उमेदवारीच्या काळात घर चालले नाही, तर परंपरेच्या गौरवाने तो टिकणार नाही.

याबाबत स्थानिक पातळीवर बरेच करता येण्यासारखे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कारागिरांच्या कामाची जागा दाखवावी. शाळेतील नादुरुस्त तंबोरा अडगळीत न टाकता दुरुस्तीस पाठवावा. त्यातूनच नवशिक्याचा हात घडतो. भोपळा पिकविणाऱ्या गावांच्या पंचायतींनी उत्तम बियाणे जतन करण्याकडे लक्ष पुरवावे. उमेदवारांस शिक्षणकाळात विद्यावेतन मिळेल, अशा योजनांची माहिती अधिकाऱ्यांनी कारागिरांच्या दारापर्यंत पोहोचवावी.

जवारीची विद्या कागदावर उतरत नाही. जाणत्या कारागिराशेजारी शिकणारा बसला, तरच ती पुढील पिढीच्या हाती जाईल.