हरलेल्या संघाचे हसरे चाहते

प्रस्तावना

खेळाच्या बातम्या तुम्ही वर्तमानपत्रात वाचता, दूरचित्रवाणीवर पाहता. कोण जिंकले, कोण हरले आणि किती गुणांनी, एवढेच त्या बातमीत असते. परंतु ज्या संघावर आपला जीव आहे, तोच संघ हरला तर वाचणाऱ्याच्या मनात त्या बातमीचे वेगळेच रूप तयार होते. त्यात राग असतो, दुःख असते आणि पुष्कळदा हसूही असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या चाहत्यांनी अशा हसण्याची मोठी परंपरा जोपासली आहे. गेल्या काही वर्षांतील बातम्यांकडे हा चाहता कसा पाहतो आणि त्याच्या विनोदामागे कोणती भावना असते, हे या पाठात आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचे स्वरूप थोडक्यात सांगणे.
• उपरोध, अतिशयोक्ती, विसंगती आणि आत्मोपहास हे विनोदाचे प्रकार ओळखणे.
• विनोद आणि द्वेष यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करणे.

मूळ पाठ

१. खेळ आणि त्याचे गाव

भारतात ‘फुटबॉल’ म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्याच नावाचा खेळ निराळा आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे असतो, त्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण मिळतात.

महाविद्यालयांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन संस्थांमध्ये झाला आणि रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. त्या वेळचा खेळ आजच्यापेक्षा फार वेगळा होता. पुढे हा खेळ विद्यापीठांच्या आवाराबाहेर पडला आणि गावागावांचा झाला. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात १ लाख ७ हजार ६०१ प्रेक्षक बसू शकतात. ते ज्या ॲन आर्बर शहरात आहे, त्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २४ हजार आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे १९६२ पासून विकली जात आली आहेत. तेथे येणाऱ्या अनेकांनी त्या विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेली नसते. तरीही संघाबद्दल बोलताना ते ‘आपण जिंकलो’, ‘आपण हरलो’ असेच म्हणतात. या ‘आपण’मध्येच चाहत्याचे सारे सुखदुःख सामावलेले असते.

२. नावात दहा, संघ अठरा

विद्यापीठांचे संघ निरनिराळ्या गटांत विभागलेले असतात. पूर्वी हे गट शेजारच्या राज्यांचे असत. त्यामुळे प्रतिस्पर्धी हा शेजारीही असे. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचे पैसे वाढत गेले, तशी गटांची मोडतोड सुरू झाली. ‘बिग टेन’ म्हणजे ‘मोठे दहा’. २०२४ पासून या गटात अठरा विद्यापीठे आहेत. ‘बिग ट्वेल्व्ह’ म्हणजे ‘मोठे बारा’. त्यात सोळा आहेत. त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिक महासागराजवळची दोन विद्यापीठे ‘अटलांटिक कोस्ट’ म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात दाखल झाली. उलट पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ‘पॅक ट्वेल्व्ह’ या जुन्या गटात २०२४ मध्ये बारांपैकी दोनच विद्यापीठे मागे उरली.

अशा बातमीवर चाहत्याला विनोद रचावा लागत नाही. तो बातमीतच असतो. ज्या विद्यापीठांत गणित आणि भूगोल शिकवला जातो, त्यांनाच अठरा म्हणजे दहा वाटू लागले आणि एक महासागर दुसऱ्याच्या जागी दिसू लागला! नाव आणि वस्तुस्थिती यांचा मेळ न बसल्याने जे हसू येते, त्याला विसंगतीतून निर्माण झालेला विनोद म्हणतात. मात्र या हसण्याच्या तळाशी एक खंत आहे. शेजाऱ्याशी दरवर्षी होणारा सामना हा गावाचा सण होता. गट बदलले आणि त्यांतील काही सण बंद पडले.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘आपण हरलो’ या शब्दांतून चाहत्याची कोणती भावना व्यक्त होते?
(आ) विद्यापीठांचे जुने गट कोणत्या कारणामुळे मोडले?

३. पैशांचा खेळ

महाविद्यालयीन खेळाडू हा विद्यार्थी आहे, त्याने शिष्यवृत्तीपलीकडे खेळाचे पैसे घेऊ नयेत, असा नियम अनेक दशके होता. त्याच खेळावर विद्यापीठे कोट्यवधी डॉलर मिळवत होती. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छायाचित्र जाहिरातीसाठी वापरू देऊन पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्यावरचे निर्बंधही २०२१ पासून सैल होत गेले.

खेळाडूच्या दृष्टीने हा न्याय होता. चाहत्याची मात्र पंचाईत झाली. आवडत्या खेळाडूचे नाव छापलेली जर्सी विकत घ्यावी आणि ती धुऊन वाळेपर्यंत तो खेळाडू दुसऱ्या राज्यात पोहोचलेला असावा, असे आता चाहता म्हणतो. जर्सी वाळायला इतका वेळ लागत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. खरी गोष्ट मुद्दाम वाढवून सांगणे म्हणजे अतिशयोक्ती.

प्रशिक्षकांची गोष्ट याहून निराळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी पदावरून दूर केले. करारानुसार त्याला ७ कोटी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठाला भाग पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठानेही आपल्या प्रशिक्षकाला काढले. तेथेही कराराची उरलेली रक्कम ५ कोटी डॉलरच्या वर होती. यावर चाहता अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणतो, “सामने हरण्याचे काम यापेक्षा कमी पगारात करायला अनेक होतकरू उमेदवार तयार आहेत.” वरवर सूचना, आतून टीका, असे हे बोलणे आहे. यालाच उपरोध म्हणतात. खेळाडूला मोबदला देण्यासाठी पैसे नाहीत असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या व्यवस्थेजवळ प्रशिक्षकाला घरी बसवण्यासाठी मात्र पैसे होते, हे त्या एका वाक्यात येऊन जाते.

४. विजेत्यांचे दुःख

ओहायो आणि मिशिगन ही शेजारची राज्ये. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या परिसरावरून दोघांनी आपापली सैन्यदले सीमेवर आणली होती. तो वाद मिटला. फुटबॉलचा वाद १८९७ मध्ये सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारातील फलकांवर ‘एम’ हे अक्षर दिसले की त्यावर लाल फुली मारली जाते, कारण मिशिगनचे नाव त्या अक्षराने सुरू होते.

३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेटचा संघ घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३–१० असा हरला. मिशिगनविरुद्धचा तो सलग चौथा पराभव होता. विजेत्यांनी मैदानाच्या मध्यभागी आपला ध्वज रोवण्याचा प्रयत्न केला आणि हाणामारी झाली. पुढच्याच महिन्यात ओहायोच्या विधिमंडळात, त्या मैदानावर असा ध्वज रोवणे हा गंभीर गुन्हा ठरवणारे विधेयक मांडले गेले. कायदा करण्यापेक्षा सामना जिंकणे सोपे गेले असते, असे कोणा चाहत्याच्या मनात आले असल्यास त्यात नवल नाही.

गंमत पुढेच आहे. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत प्रथमच चारऐवजी बारा संघांना प्रवेश होता. त्यामुळे हरलेल्या ओहायो स्टेटलाही संधी मिळाली. त्या संघाने सलग चार सामने जिंकले आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामचा ३४–२३ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. सगळा देश जिंकला. शेजारी मात्र जिंकता आला नाही. मिशिगनचा चाहता त्यांना हे विसरू देईना आणि ओहायोच्या चाहत्यालाही ते विसरता येईना. हातात चषक आणि मनात १३–१० अशी स्वतःची अवस्था पाहून तो स्वतःलाच हसला. स्वतःच्या उणिवेला हसणे म्हणजे आत्मोपहास. हा विनोदाचा सर्वांत उमदा प्रकार होय, कारण त्यात दुसरा कोणी दुखावला जात नाही. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर २०२५ रोजी, ओहायो स्टेटने मिशिगनला २७–९ असे हरवले, तेव्हा कुठे तो सल निघाला.

५. हसण्याची हद्द

हे वैर खेळकर असले तरी त्याला हद्द आहे. अलाबामा राज्यात ऑबर्न आणि अलाबामा ही दोन विद्यापीठे अशीच प्रतिस्पर्धी आहेत. ऑबर्न गावाच्या एका चौकात ओकची दोन जुनी झाडे होती. संघ जिंकला की गावकरी त्यांच्या फांद्यांवर पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या फेकून आनंद साजरा करत. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ऑबर्नने ०–२४ अशा पिछाडीवरून अलाबामाला २८–२७ असे हरवले. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांशी विषारी तणनाशक टाकले आणि जानेवारी २०११ मध्ये नभोवाणीवरील एका कार्यक्रमात दूरध्वनी करून तशी बढाई मारली. त्याला शिक्षा झाली. पण झाडे वाचली नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये ती तोडावी लागली.

याच घटनेची दुसरी बाजूही आहे. झाडे वाचवण्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांत अलाबामाचे चाहतेही होते. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर चेष्टा करायची कोणाची, हे ते जाणून होते. विनोदाला समोरचा माणूस हवा असतो. द्वेषाला तो नको असतो.

६. तक्रारीला विषय उरला नाही

इंडियाना विद्यापीठाचा संघ अनेक दशके पराभवासाठीच प्रसिद्ध होता. एकूण पराभवांच्या संख्येत तो देशातील प्रमुख संघांमध्ये सर्वांत पुढे होता. २०२३ मध्ये त्याने बारांपैकी नऊ सामने गमावले. त्या वर्षाअखेर कर्ट सिग्नेट्टी हे नवे प्रशिक्षक आले. अन्य विद्यापीठांतून खेळाडू आले. बर्कलीहून आलेल्या फर्नांडो मेंडोझाला डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडूची हाइस्मन ट्रॉफी मिळाली. १९ जानेवारी २०२६ रोजी इंडियानाने मायामीचा २७–२१ असा पराभव केला आणि सोळाच्या सोळा सामने जिंकून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

खेळाडूंच्या ज्या स्थलांतराला चाहते हसत होते, त्यानेच एका दुबळ्या संघाचे दैव पालटले. म्हणून चाहत्याच्या विनोदाकडे खेळाविषयीचा अंतिम निवाडा म्हणून पाहू नये. बदलत्या काळात आपले प्रेम टिकवून धरण्याचा तो एक मार्ग आहे. खेळाडू जातात, प्रशिक्षक जातात, गट बदलतात; ज्याला कोणी करारपत्र दिलेले नाही आणि ज्याची कोणी बदली करू शकत नाही, असा चाहता तेवढा जागच्या जागी राहतो. पराभवाच्या लांबलचक वर्षांत इंडियानाच्या चाहत्याला हसण्यानेच सोबत केली. ती सोबत नसती, तर विजयाच्या रात्री मैदानावर जुना चाहता कोणी उरलाच नसता.

शब्दार्थ

आत्मोपहास – स्वतःचीच थट्टा
उपरोध – वरून साधे, आतून टीका असलेले बोलणे
विसंगती – मेळ नसणे
खंत – मनाला लागून राहिलेले दुःख
सल – मनात टोचत राहिलेली गोष्ट
तणनाशक – नको असलेले गवत मारणारे औषध
हद्द – मर्यादा

तुम्ही काय शिकलात?

• चाहत्याचा विनोद प्रेमातून निर्माण होतो. त्याच्या तळाशी अनेकदा खंत असते.
• विसंगती, अतिशयोक्ती, उपरोध आणि आत्मोपहास हे विनोदाचे काही प्रकार आहेत.
• विनोद प्रतिस्पर्ध्याला जवळ ठेवतो. द्वेष त्याला नष्ट करू पाहतो.

स्वाध्याय

१. ‘सगळा देश जिंकला; शेजारी मात्र जिंकता आला नाही.’ या वाक्याचा अर्थ चार-पाच ओळींत स्पष्ट करा.
२. प्रशिक्षकांविषयीच्या चाहत्याच्या वाक्यात कोणती टीका दडलेली आहे?
३. ऑबर्नच्या झाडांच्या घटनेतून विनोद आणि द्वेष यांतील फरक कसा समजतो?
४. तुमच्या परिसरातील कबड्डी, क्रिकेट किंवा फुटबॉलच्या एखाद्या संघाच्या पराभवावर दहा ओळींचा विनोदी मजकूर लिहा. त्यात आत्मोपहासाचे किमान एक वाक्य असावे आणि कोणाचेही मन दुखावू नये.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) संघाविषयीची आपुलकी आणि त्याचे सुखदुःख स्वतःचे मानण्याची भावना.
(आ) दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाच्या वाढत्या पैशांमुळे.