ट्रॉलीचा हौदा व फाळके : रंग देण्यापूर्वीची तयारी



ऊस कारखान्यावर गेला, मका व आले बाजारात पोहोचले की ट्रॉली गोठ्यामागे उभी राहते. तिची पुन्हा आठवण होते ती मृगाच्या तोंडावर, खताच्या गोण्या आणताना. मधले एप्रिल-मे हे तिच्या डागडुजीचे महिने. आपल्या छत्रपती संभाजीनगर भागात या काळात हवा कोरडी असते व पत्र्यात ओल राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी घरच्या जुन्या ट्रॉलीला आम्ही चांगल्यापैकी महाग रंग दिला. तारेच्या ब्रशने गंज घासला आणि वर रंग मारला. दिवाळीपर्यंत हौद्यात नेमक्या पोटॅशच्या गोण्या ठेवतो त्या जागी फोड आले. एक फोड नखाने फोडला तर आत पाणी आणि खाली ताजा गंज! दोष रंगाचा नव्हता, आम्ही पत्रा धुतलाच नव्हता. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. ते लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत बसते. रंगाच्या थरातून थोडी वाफ आत जातेच. हा क्षार ती ओढून घेतो आणि रंगाला खालून उचलतो. कोंबडखत व ओल्या शेणखताचाही पत्र्याला असाच त्रास होतो.

म्हणून खरवडण्यापूर्वी धुवावे, नंतर नव्हे. आधी घासल्यास क्षार व ग्रीस पत्र्यात अधिकच चोळले जातात. ग्रीसचे डाग रॉकेल किंवा थिनरच्या फडक्याने पुसावेत व फडके वरचेवर बदलावे. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून भरपूर पाण्याने धुवावे. बोअरचे पाणी खारे असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा. गंजू नये म्हणून काही जण हौद्याला जळालेले ऑइल चोपडतात. त्यावर कोणताही रंग धरत नाही. ते पूर्ण काढावेच लागते.

फाळके जागेवर ठेवून रंगवू नयेत. गंजाची सुरुवात बिजागरीच्या मागे व कडी-कोयंड्याखाली होते. खिळी निघत नसेल तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे. कोणता फाळका कोणत्या बाजूचा, याची पंचाने खूण करावी. सारखे दिसणारे फाळके उलटसुलट बसत नाहीत. फाळके निघाले की हौदा हातोडीने ठोकून पाहावा. जिथे आवाज बद्द येतो, तिथे पत्रा खालून खाल्लेला असतो. पेचकस आत शिरला तर तेथे लांबी भरून उपयोग नाही. सडका पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने लावावा. वेल्डिंगपूर्वी ट्रॅक्टर सोडून दूर न्यावा व जोडाभोवतीचा जुना रंग खरवडावा, कारण जळत्या रंगाचा धूर विषारी असतो.

जुना रंग सगळा काढण्याची गरज नसते. ब्लेडने बारीक चौकटी पाडून त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. कपच्या निघाल्या तर तो रंग खरवडावा. नाही निघाल्या तर पॉलिश पेपरने चमक मारली की पुरे. खरवडलेल्या जागेची कड 80 नंबरने व मग 120 नंबरने इतकी उतरती करावी, की नख अडकणार नाही.

येथे एक गोष्ट जनावरांसाठी सांगतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर 2016 च्या नियमांनी मर्यादा आली, परंतु ट्रॉलीचा जुना रंग त्यात मोडेलच असे नाही. गाई-वासरांना अशा कपच्या चाटण्याची खोड असते व शिशाने जनावर दगावते. तेव्हा गोठ्याजवळ हे काम करू नये. खाली ताडपत्री अंथरावी, पाणी मारून ओलेच घासावे, नाका-तोंडावर मास्क बांधावा. गोळा झालेला कचरा उकिरड्यावर टाकू नये, तो खतातून शेतात जाईल, जाळूही नये. पक्क्या पिशवीत बांधून मुला-जनावरांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

उघडे पडलेले लोखंड एका रात्रीत तांबूस होते. यासाठी जेवढे त्या दिवशी रेड ऑक्साइड प्राइमरखाली झाकता येईल तेवढेच घासावे. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचे ऑक्साइड. शिशाचा शेंदरी प्राइमर वेगळा, तो घेऊ नये. कडा, वेल्डिंगचे जोड व बिजागरीची जागा आधी ब्रशने भरावी, मग सपाट भाग. हौद्याच्या खालच्या बाजूला प्राइमर देण्याचा कंटाळा करू नये. मेमधील दुपारी पत्रा हाताला चटका देतो. त्या वेळी थिनर झटकन उडतो व रंगात बारीक छिद्रे राहतात. सकाळी, शक्यतो सावलीत काम करावे.

फाळ्या लाकडी असतील तर त्यांना जवसाचे तेल पाजतात. ते चांगलेच, पण तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कडब्याच्या गंजीजवळ टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

वरचा रंग डब्यावरील वेळेप्रमाणे पूर्ण वाळल्यावर फाळके चढवावेत, खिळ्यांना ग्रीस द्यावे आणि रंगाखाली झाकले गेलेले मागचे लाल रिफ्लेक्टर नवे लावावेत.