वसमतमध्ये लॅम्बोर्गिनी: किती पडते, कुठे अडते

शंभर रुपयांची गाडी इटलीहून मुंबईच्या बंदरात उतरली की कागदावर ती २१० रुपयांची होते. ४० हजार डॉलरपेक्षा महाग असलेल्या तयार गाडीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क लागतं आणि वर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. मिळून ११०. त्या २१० रुपयांवर ४० टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८४. झाले २९४, आणि यात विक्रेत्याचा नफा अजून धरलेला नाही. फेरारीवरचा उपकर शेतीच्या नावाने गोळा होतो, हे मोंढ्यात कुणाला सांगून पाहा, चहा सांडेल.

हे ओझं नवं नाही. २००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. किल्ली दिली मायकेल शूमाखरने, सिल्व्हरस्टोनला. मराठी घरांत ‘इंजिन पाठीमागे असलेली इटालियन गाडी’ ही चीज खऱ्या अर्थाने तेव्हा पोचली. पुढच्या वर्षी सीमाशुल्काचे १ कोटी १३ लाख सरकारने माफ केले, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर ते पैसे फियाटने भरले. भेट म्हणून मिळालेल्या गाडीचं शुल्कच गाडीपेक्षा मोठं निघालं. २०११ मध्ये ती सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली.

आता आजचा हिशेब. उदाहरणाला लॅम्बोर्गिनी टेमेरारियो घेऊ. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत ६ कोटी होती. त्यानंतर २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, रुपया-युरोचा भाव तर रोजच बदलतो. तेव्हा विक्रेत्याकडून त्या दिवसाचा दर लेखीच मागा. हिशेबाची रीत समजावी म्हणून ६ कोटीच धरतो.

पहिला खर्च आरटीओचा. महाराष्ट्रात आयात गाडीवर एकरकमी वाहन कर किमतीच्या २० टक्के, म्हणजे १ कोटी २० लाख व्हायला हवा. पण या कराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. त्यामुळे चार कोटींची घ्या की नऊ कोटींची, कर तेवढाच. १५ लाखांची पेट्रोल गाडी घेणारे गुरुजी १२ टक्के भरतात आणि सुपरकारवाला ५ टक्के. यावर काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. कर वाचवण्यासाठी पुदुच्चेरीची किंवा दुसऱ्या राज्याची पाटी लावून देणारे दलाल भेटतील. त्या नादी लागू नका. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवली तर इथली नोंदणी आणि इथला कर चुकत नाही, आणि असली गाडी नांदेड रस्त्यावर लपतही नाही. एमएच ३८ च्या मालिकेत ०००१ हवा असेल तर २०२४ च्या सुधारित दराने चारचाकीला ५ लाख लागतात. ते मी खर्चात धरत नाही, हौसेत धरतो.

विमा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला २४,५९६ रुपये. टेमेरारियोला जेवढा, तेवढाच एखाद्या मोठ्या एसयूव्हीलाही. खरा आकडा स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा. गाडीची विमा किंमत ५ कोटी ७० लाख आणि दर दीड टक्का धरला तर साडेआठ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा लाखांच्या घरात. दर कंपनीगणिक बदलतो, तीन ठिकाणी विचारा. झिरो डेप, इंजिन संरक्षण आणि ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ या तिन्ही जोडण्या घ्याच. या गाडीत कार्बन फायबरचा भाग दुरुस्त होत नाही, बहुधा बदलतात.

शिवाय १ टक्का टीसीएस, म्हणजे ६ लाख. हे पैसे बुडत नाहीत, आयकर विवरणपत्रात वळते होतात; पण बुकिंगच्या वेळी खिशातून जातातच. एकूण बेरीज ६ कोटी ४६ लाखांच्या आसपास. बँकेने ३ कोटी दिले, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, तर हप्ता महिन्याला ६ लाख २३ हजार. वसमतच्या भाषेत सांगायचं तर हळद क्विंटलला १३ हजार धरली तर ही गाडी म्हणजे जवळपास पाच हजार क्विंटल हळद.

पेट्रोलची चिंता मात्र करू नका. वर्षाला पाच हजार किलोमीटर, लिटरला सहा किलोमीटर आणि १०५ रुपयांचा भाव धरला तरी लाखाच्या आत बसतं. चिंता आहे ती पेट्रोलच्या जातीची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास आहे. तुमच्या मॉडेलला ते चालतं का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि कंपनीकडून लेखी घ्या. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मुंबई-पुण्यातल्या निवडक पंपांवर मिळतं, लिटरला दीडशेच्या वर. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोलसाठी बातम्यांत येणारी परभणी शेजारीच आहे, पण महाग म्हणजे शंभर ऑक्टेन नव्हे.

आता परीक्षकांकडे. गाडी घेणारे परीक्षणं भक्तिभावाने पाहतात, पण त्यातला कोणता भाग आपल्या कामाचा हे पाहत नाहीत. टेमेरारियो परीक्षकांना पहिल्यांदा चालवायला मिळाली ती पोर्तुगालमधल्या एस्टोरिलच्या शर्यतीच्या मार्गावर, २०२५ मध्ये. गुळगुळीत डांबर, कंपनीचे टायर, कंपनीचे मेकॅनिक. तिथे त्यांनी जे कौतुक केलं ते खरंच आहे: दहा हजार आरपीएमपर्यंत चढणारं चार लिटरचं व्ही८ इंजिन, विजेच्या तीन मोटारी, एकूण ९२० अश्वशक्ती, आधीच्या हुराकानपेक्षा ऐसपैस बसायची जागा. तक्रारी दोनच जोरात होत्या. एक, हुराकानच्या व्ही१० चा तो आवाज गेला. दोन, वजन: द्रव न धरता १,६९० किलो, आणि हुराकान इव्हो होती १,४२२. हे दोन्ही दोष वसमत-परभणी रस्त्यावर तुमच्या लक्षातही येणार नाहीत.

उलट फेरारी २९६ जीटीबीबद्दलची तक्रार तुमच्या कामाची आहे. ८३० अश्वशक्ती, व्ही६ आणि बॅटरीचा मेळ, वळणावरची चपळाई याबद्दल टीकाकारांनी तोंडभरून लिहिलं. पण स्टिअरिंगवरच्या स्पर्शाच्या बटणांवर जवळपास सगळेच वैतागले. हात न लावता लागतात, लावले तर लागत नाहीत. फेरारीने २०२५ च्या अमाल्फीमध्ये दाबायची बटणं परत आणली. घामेजल्या बोटांनी, मे महिन्यात, बेचाळीस अंशांत ती स्पर्शपट्टी वापरून पाहिल्याशिवाय २९६ वर सही करू नका. मासेराटी एमसी२० चं कौतुक झालं ते निराळ्याच गोष्टीसाठी: खराब रस्त्यावर ती अंग मोडत नाही. आपल्याकडे ही स्तुती शंभर अश्वशक्तीच्या बरोबरीची समजावी.

परीक्षणांवर किती विसंबायचं, याचाही एक दाखला आहे. ब्रिटिश परीक्षक क्रिस हॅरिसने २०११ मध्ये लिहिलं की फेरारी परीक्षणासाठी देते त्या गाड्या खास तयार केलेल्या असतात आणि कंपनीला कोण काय लिहितं यावर लगाम हवा असतो. म्हणून पहिल्या आठवड्यातली परीक्षणं करमणुकीसाठी बघा. वर्षभराने मालकांनी सांगितलेलं ऐका. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी जाहीर तक्रार केली की चाचणीसाठी नेलेली नवीकोरी लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो वीजयंत्रणा पूर्ण बंद पडून अटल सेतूवरच थांबली. जवळपास नऊ कोटींची गाडी. अटल सेतूवरून कंपनीची कार्यशाळा तासाच्या अंतरावर आहे. वसमतहून ती सहाशे किलोमीटरच्या आसपास.

आणि खरा खर्च इथे आहे, जो कुठल्याच परीक्षणात येत नाही. लॅम्बोर्गिनी काय नि फेरारी काय, राज्यात अधिकृत कार्यशाळा मुंबईची. नांदेडचा कितीही हुशार मेकॅनिक असला तरी त्याच्याकडे कंपनीचं निदानयंत्र नाही, आणि बाहेर हात लावला की वॉरंटीचा वाद सुरू. फेरारी नव्या गाडीला सात वर्षांची नियमित सर्व्हिस देते, दर वर्षी किंवा २० हजार किलोमीटरला. सर्व्हिस फुकट, पण गाडी मुंबईला नेणं तुमच्याकडे. चालवत नेली तर वाटेतले गतिरोधक. सपाट पाठीच्या ट्रकवर नेली तर दर खेपेला मोठा आकडा. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: वसमतहून उचलून नेण्याचा खर्च कोणाचा, रस्त्यावर बंद पडली तर किती तासांत माणूस येईल, आणि हायब्रिडच्या बॅटरीची हमी किती वर्षांची.

घसाऱ्याचं तर बोलायलाच नको. वर्षाला दहा टक्केच धरा, म्हणजे ६० लाख. महिन्याला पाच. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी.

मला विचाराल तर वसमतसाठी या घराण्यात एकच गाडी शोभते, आणि ती आता नवी मिळत नाही. हुराकान स्टेराटो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, जगभरात १,४९९ बनवल्या, भारतात किंमत ४ कोटी ६१ लाख होती. इव्होपेक्षा ४४ मिलिमीटर उंच, खडबडीत रस्त्याचे ब्रिजस्टोन टायर, आणि हवा छतावरून ओढणारा नळ, म्हणजे चाकांनी उडवलेली धूळ इंजिनात जात नाही. हळद शिजवून पॉलिश करायच्या दिवसांत वसमतच्या हवेत काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. वेग २६० वर अडवलेला, म्हणून आधी काहींनी नाकं मुरडली. चालवून आलेल्या परीक्षकांनी मात्र ती सगळ्या हुराकानांत सर्वात मजेची ठरवली. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० आहे. २६० आणि टेमेरारियोच्या ३४३ यांतल्या फरकाचं तुम्ही करणार काय?

जुनी घेताना कागद आधी, गाडी नंतर. चासी क्रमांक देऊन कंपनीकडून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागवा. परराज्यातली असेल तर ना-हरकत, इथला कर आणि नवी पाटी यांचा खर्च किमतीतून वजा करून बोला. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहा. फार स्वस्त मिळत असेल तर आयातीचे कागद वकिलाला दाखवा: २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने परदेशी मुत्सद्द्यांच्या नावावर शुल्क चुकवून आणलेल्या महागड्या गाड्या पकडल्या होत्या. अशी गाडी जप्त होते, आणि पैसे ज्याने घेतले तो फोन उचलत नाही.

पैशाच्या मार्गाबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण मोंढ्यात हा प्रश्न येणारच. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून ते दाखवावं लागत नाही असं नाही. विक्रेता एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ शकत नाही, आणि टीसीएसमुळे खरेदीची नोंद तुमच्या पॅनवर त्याच वेळी पडते. आडतीच्या पट्ट्या, सातबारा, बँकेचे उतारे आणि विवरणपत्र एकमेकांशी जुळत असतील तरच सही करा. गाडी फर्मच्या नावावर घेतली तर १५ टक्के घसारा दाखवता येतो. जीएसटीचा परतावा मिळत नाही. कर तर दोन्हीकडे ३० लाखांवरच थांबतो, तेव्हा तिथे काही वाचत नाही.

शेवटची तपासणी फुकट आहे आणि शोरूममध्ये कुणी सांगणार नाही. नियमाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्याकडचे बरेचसे गावाने रातोरात घातलेले असतात. साध्या हुराकानच्या पोटाखाली साधारण साडेबारा सेंटिमीटर जागा, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६२ मीटर. सुताराकडून तेवढ्याच लांबीची सरळ फळी आणा, दोन्ही टोकांना साडेबारा सेंटिमीटरचे ठोकळे मारा आणि घराच्या फाटकापासून नांदेड रस्त्यापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकावर, गाडी जाते त्या दिशेने, ठेवून पाहा. फाटकाच्या उतारावरही ठेवा. सगळ्यात आधी नाक तिथेच घासतं. फळी मधे टेकली तर गाडीचं पोट टेकेल. उतारावरच अडत असेल तर बुकिंगच्या यादीत नाक वर उचलण्याची सोय आधी मागा. रंग आणि शिलाईचे दोरे नंतर निवडता येतील.